जीपीएल ३ वरून कर्नेलवाले का अडून बसले?

तीन प्रश्न एकत्र आले आहेत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, अजून जीपीएल २ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यावरच का आहे? कर्नेल सुरू करणारे टॉरवाल्ड्स आणि जीपीएल लिहिणारे स्टॉलमन यांचं त्याच्या पुढच्या आवृत्तीवरून, म्हणजे जीपीएल ३ वरून, नेमकं काय बिनसलं? आणि तुम्ही पाच-सहा जणांनी मिळून लिहिलेल्या, सध्या 'जीपीएल २ किंवा यापुढची कोणतीही आवृत्ती' अशा परवान्याखाली असलेल्या एका छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडच्या संचात) ते 'यापुढची कोणतीही' शब्द ठेवायचे की काढायचे?

मी एम्बेडेड लिनक्सवर, म्हणजे उपकरणांच्या आत बसणाऱ्या लिनक्सवर, काम करतो. उपकरण बाजारात जाण्याआधी त्यातल्या एकेका पॅकेजचा परवाना तपासणं हा या कामातला सगळ्यांना नकोसा भाग, आणि तो बहुतेक वेळा माझ्याकडे येतो. त्यामुळे हा जुना वाद माझ्यासाठी अजून जुना झालेला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर आधीचे दोन नीट समजून घ्यावे लागतील, कारण २००६-०७ मधला सगळा तंटा मुळात त्याच शब्दांवर होता. 'डीआरएमच्या (डिजिटल कुलपांच्या) बाजूचे विरुद्ध स्वातंत्र्याच्या बाजूचे' असं जे चित्र तेव्हा रंगलं, ते अर्धंच खरं.

जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी जून १९९१ ची. दोन्ही रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या, म्हणजे एफएसएफच्या. लिनस टॉरवाल्ड्स यांनी कर्नेल पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला तेव्हा त्याचा परवाना स्वतःचा, वेगळा होता. पैसे घेऊन वाटायला त्यात मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी तो सोडून जीपीएल २ घेतलं. त्यांना हवं होतं ते एवढंच: मी कोड देतो, तुम्ही त्यात सुधारणा करून पुढे वाटलीत तर ती सुधारणा मलाही द्या. स्टॉलमन यांच्या लेखी मात्र तोच मजकूर चळवळीचं साधन होता. ज्याच्या हातात प्रोग्रॅम आहे, त्याला तो बदलून चालवता आलाच पाहिजे. बरीच वर्षं हे दोन अर्थ एकाच कागदावर सुखाने नांदले, कारण कुठल्याही अर्थाने वागलं तरी व्यवहारात फरक पडत नव्हता.

फरक पडला तो टिवोमुळे. टिवो म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा अमेरिकेतला एक डबा, आत लिनक्स. कंपनीने कर्नेलचा सोर्स कोड (माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर) रीतसर दिला होता. पण डबा सुरू होताना आतलं हार्डवेअर सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासत असे. तुम्ही कर्नेल सुधारलात, कंपाइल केलात (यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणलात) आणि आत टाकलात तर सही जुळत नाही, आणि डबा ते सॉफ्टवेअर चालवायला नकार देतो, अशी एफएसएफची तक्रार होती. कोड हातात, पण तो ज्या यंत्रासाठी लिहिला त्या यंत्रावर त्याचा उपयोग शून्य. स्टॉलमन यांनी या प्रकाराला 'टिवोआयझेशन' असं नाव दिलं आणि नव्या आवृत्तीत त्याचा बंदोबस्त करायचं ठरवलं. टॉरवाल्ड्स यांना यात गैर काही दिसेना. डबा कंपनीचा, तो कसा बनवायचा हे तिचं ती ठरवेल. मला माझा कोड सुधारणांसकट परत मिळाला, सौदा पुरा झाला.

दोघेही प्रामाणिक होते. आणि दोघांनाही आपण जीपीएल २ च्याच मूळ हेतूला धरून बोलतोय असं वाटत होतं.

मजकुरात खरोखरच दोघांना आधार सापडतो. जीपीएल २ च्या तिसऱ्या कलमात सोर्स कोडची व्याख्या करताना 'कंपाइल करण्यासाठी आणि इन्स्टॉल करण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट्स' यांचा उल्लेख आहे. त्यातला 'इन्स्टॉल' हा शब्द धरून, बदललेलं सॉफ्टवेअर यंत्रात घालता येण्याची सोय जीपीएल २ मध्येही मागता येते, असं सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेचे लोक आजही मांडतात. माझ्या मते तो युक्तिवाद कच्चा नाही. पण सहीची गुप्त किल्ली म्हणजे स्क्रिप्ट, इथपर्यंत मला तो ओढता येत नाही.

जीपीएल ३ चा पहिला मसुदा १६ जानेवारी २००६ रोजी एमआयटीतल्या परिषदेत मांडला गेला. कायद्याची बाजू कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक एबेन मोग्लेन यांच्याकडे होती. प्रक्रिया वरवर पाहता बरीच मोकळी होती: मसुद्यातल्या कुठल्याही ओळीवर कुणीही शेरा नोंदवू शकत होतं, चार चर्चा समित्या होत्या, आणि पोर्तो अलेग्रे, बार्सिलोना, टोकियो अशा शहरांत परिषदा झाल्या. त्यातली एक ऑगस्ट २००६ मध्ये बंगळुरूच्या आयआयएममध्ये भरली होती.

पहिल्या मसुद्यात, सॉफ्टवेअर चालवायला लागणाऱ्या एन्क्रिप्शनच्या किंवा अधिकृततेच्या किल्ल्या हा सोर्स कोडचाच भाग धरला होता. तो वाचून टॉरवाल्ड्स यांनी जानेवारीतच सांगून टाकलं की कर्नेल जीपीएल ३ वर जाणार नाही. लोकांनी आपल्या खासगी सह्यांच्या किल्ल्या उघड कराव्यात ही मागणीच त्यांना वेडेपणाची वाटत होती. जुलैतल्या दुसऱ्या मसुद्यात भाषा मवाळ झाली, पण तोवर मनं बिघडली होती.

सप्टेंबर २००६ मध्ये कर्नेलच्या दहा विकासकांनी सह्या करून एक निवेदन काढलं. जेम्स बॉटमली, अँड्र्यू मॉर्टन, ग्रेग क्रोआ-हार्टमन, क्रिस्टोफ हेलविग, थॉमस ग्लाइक्सनर, डेव्हिड वुडहाउस ही त्यातली काही नावं. टॉरवाल्ड्स यांची सही त्यावर नव्हती, हे बरेचजण विसरतात. त्याच सुमाराला कर्नेलच्या २९ प्रमुख विकासकांचा कौल घेण्यात आला. त्यात ते होते, आणि एकूण कल स्पष्टपणे जीपीएल २ कडे होता.

निवेदनात हरकती तीन. एक, टिवोआयझेशनविरोधी कलम म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याने वापरावर अंकुश घालणं. दोन, 'अतिरिक्त अटी' जोडायची मुभा दिली तर प्रत्येक प्रकल्पाचा जीपीएल निराळा होईल आणि कुणाचा कोड कुणाशी जुळतो याचा हिशेब ठेवणं अशक्य होईल. तीन, पेटंटची कलमं इतकी सैल आहेत की एखाद्या कंपनीने आपल्या वेबसाइटवर जीपीएल ३ चा एखादा प्रोग्रॅम नुसता ठेवला तरी तिची सगळी पेटंटं धोक्यात येतील. या तिन्हींवर एक निष्कर्ष होता: जीपीएल ३ मुळे मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाचे तुकडे पडतील.

अंतिम मजकूर आला २९ जून २००७ रोजी, आणि तो शेजारी ठेवून निवेदन वाचलं की जरा गंमत वाटते. पेटंटचं कलम आवळलं गेलं होतं. नुसतं वाटप करणाऱ्याकडून ते पेटंटांचा परवाना मागत नाही. कोडमध्ये हक्क असलेला जो योगदानकर्ता आपला कोड या परवान्याखाली देतो, त्याच्यापुरतं आणि त्याच्याच आवृत्तीपुरतं ते लागू होतं. जोडता येतील अशा जादा अटींची यादी मोजून सहा बाबींची राहिली, त्याही बहुतेक निरुपद्रवी: हमी नाकारणं, ट्रेडमार्क न देणं, मूळ लेखकांची नावं न पुसणं असल्या. टिवोआयझेशनचं कलम घरगुती, वैयक्तिक वापराच्या वस्तूंपुरतं उरलं. कारखान्यातलं यंत्र किंवा रुग्णालयातलं उपकरण त्यातून साधारण बाहेर. रॉममध्ये कायमचं कोरलेलं सॉफ्टवेअर, जे खुद्द उत्पादकालाही बदलता येत नाही, तेही बाहेर. शिवाय वापरणाऱ्याने सॉफ्टवेअर बदललं तर उत्पादकाला हमी नाकारता येते, आणि त्या बदलाने नेटवर्कला बाधा पोचत असेल तर जोडणीही तोडता येते. म्हणजे दहा जणांच्या हरकतींपैकी बराच भाग मसुदाकारांनी ऐकला होता. टॉरवाल्ड्स यांनीही नंतर मान्य केलं की शेवटचे मसुदे पहिल्यापेक्षा पुष्कळ सुसह्य आहेत, पण जीपीएल २ त्याहून चांगलं, हे मत त्यांनी सोडलं नाही.

मधल्या काळात आणखी एक ठिणगी पडली. नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि लिनक्स विकणारी कंपनी नोव्हेल यांनी करार केला की नोव्हेलच्या ग्राहकांवर मायक्रोसॉफ्ट पेटंटवरून दावे लावणार नाही. बाकी लिनक्सवाल्यांनी त्यातून काय समजायचं ते समजावं! जीपीएल २ मध्ये हे अडवायला सोय नव्हती. मार्च २००७ च्या तिसऱ्या मसुद्यात खास अशा सौद्यांसाठी कलम आलं, आणि त्यात २८ मार्च २००७ ही तारीख घातली गेली; त्याआधीचे करार सुटले. परवान्याच्या मजकुरात तारीख वाचताना मला नेहमी चमत्कारिक वाटतं. एका विशिष्ट भांडणाचा ठसा कायमच्या दस्तऐवजात राहून गेला आहे.

एवढ्या हरकती मिटल्या तर मग कर्नेल का हलला नाही? ग्यानबाची मेख इथेच आहे.

जीपीएल २ च्या नवव्या कलमात एफएसएफ वेळोवेळी सुधारित आवृत्त्या काढेल आणि त्यांचा गाभा जुन्यासारखाच असेल असं आश्वासन आहे. तुम्ही कोडच्या माथ्यावर 'किंवा यापुढची कोणतीही आवृत्ती' लिहिलंत की तुमचा कोड घेणाऱ्याला पुढची आवृत्ती निवडायची मुभा मिळते. थोडक्यात, जो मजकूर अजून लिहिलाच गेलेला नाही त्याला तुम्ही आगाऊ मान्यता देता. टॉरवाल्ड्स यांनी ती दिली नव्हती. २००० साली, कर्नेल २.४ च्या चाचणी आवृत्त्या निघत होत्या तेव्हा, त्यांनी परवान्याच्या फाइलमध्ये मुद्दाम टीप घातली की कर्नेलपुरतं बोलायचं तर हीच आवृत्ती लागू, दुसरी नाही. कुठल्या फाइलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे जीपीएल ३ चा मसुदा येण्याच्या पाचेक वर्षं आधी. त्यामुळे 'टिवोमुळे कर्नेलने जीपीएल ३ नाकारलं' हे विधान तपशिलात चुकतं. दुसऱ्याने लिहायच्या कोऱ्या कागदावर सही करायला नकार आधीच दिला गेला होता. टिवोमुळे त्या नकाराला फक्त कारण मिळालं.

दुसरी अडचण निव्वळ व्यावहारिक. जीएनयू या स्टॉलमन यांनी सुरू केलेल्या मुक्त प्रणालीच्या बऱ्याच प्रमुख प्रकल्पांत लेखक आपले हक्क एफएसएफच्या नावे करतात, म्हणून तिथे परवाना बदलायला एक सही पुरते. कर्नेलमध्ये हक्क ज्याचे त्याच्याकडे राहतात. हजारो सदनिकाधारकांच्या, पण सर्वसाधारण सभाच नसलेल्या सोसायटीसारखी ही गत आहे: कुणी कंपनीच्या नावे लिहून गेलेला, कुणाचा पत्ता नाही, कुणी हयात नाही. उद्या खुद्द टॉरवाल्ड्स यांचं मन बदललं तरी त्यांना एकट्याला परवाना बदलता येणार नाही. एफएसएफनेही त्या सप्टेंबरात खुलासा केला होता की कुणावर जीपीएल ३ लादायचा अधिकार आम्हाला नाही, ते हक्कधारकांनीच ठरवायचं आहे. ते खरंच होतं. पण ज्यांनी 'पुढची कोणतीही' लिहून ठेवलं होतं त्यांच्या कोडबाबत दार उघडं होतं, आणि कर्नेलवाल्यांना बोचत होतं ते हेच.

आता तुकडे पडण्याबद्दल. या बाबतीत त्या दहा जणांचं भाकीत खरं ठरलं, असं मी ठामपणे म्हणेन. जीपीएल २ पुरता मर्यादित कोड आणि जीपीएल ३ चा कोड एका प्रोग्रॅममध्ये कायदेशीरपणे मिसळता येत नाही. साम्बा, म्हणजे विंडोजशी फाइल-शेअरिंग करू देणारा प्रोग्रॅम, २००७ मध्ये जीपीएल ३ कडे गेला. विंडोजच्या फाइल-शेअरिंगचा तोच प्रोटोकॉल कर्नेलमध्येही राबवलेला आहे, पण साम्बाचा नवा कोड उचलून कर्नेलमध्ये टाकता येत नाही. दोन्हीकडे मुक्त सॉफ्टवेअर, दोन्हीकडे जीपीएल, आणि मधे भिंत. आराखडे काढायचा प्रोग्रॅम लिब्रेकॅड जीपीएल २ वर, आराखड्यांच्या डीडब्ल्यूजी फाइल वाचणारी लिब्रेडीडब्ल्यूजी जीपीएल ३ वर. ज्याच्यासाठी ती लायब्ररी सर्वात उपयोगी पडली असती त्यालाच ती वापरता येईना. बिझीबॉक्समध्ये (लहान उपकरणांसाठीचा मूलभूत आज्ञांचा संच) तर २००६ सालीच या विषयावरून जुन्या-नव्या विकासकांत कडाक्याचं भांडण झालं आणि प्रकल्प फक्त जीपीएल २ पुरता करण्यात आला.

कंपन्या कशा वागल्या तेही पाहा. ॲपलने जीसीसी हा जीएनयूचा कंपायलर ४.२ च्या पुढे घेतलाच नाही, कारण पुढचा जीपीएल ३ चा होता; त्यांनी आपलं बळ एलएलव्हीएम आणि क्लँग या पर्यायी कंपायलरमागे लावलं. मॅकवर साम्बा काढून स्वतःचा पर्याय घातला. आजही मॅकच्या टर्मिनलमध्ये अंगभूत बॅश या जीएनयूच्या शेलची (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती विचारा, ३.२ असं उत्तर येईल. २०१९ पासून डीफॉल्ट शेल झेडशेल झाला आहे. आमच्या एम्बेडेड धंद्यात, आणि पुण्यात तर गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या कितीतरी टीम्स आहेत, ग्राहकाच्या कागदपत्रांत 'जीपीएल ३ चालणार नाही' ही अट हमखास दिसते. योक्टो या उपकरणांसाठी लिनक्स बांधायच्या साधनसंचात विशिष्ट परवान्यांची पॅकेजेस वगळायची सेटिंग आहे, आणि जीपीएल २ च्या शेवटच्या आवृत्त्या जपून ठेवणारा एक वेगळा लेयरही होता. त्या जुन्या आवृत्त्या घेऊन नवं उत्पादन काढायचं म्हणजे त्यांची सुरक्षेची दुखणीही पदरात घ्यायची. वकिलांना हे पटवून देताना दमछाक होते.

मग स्टॉलमन चुकले का? निदानात नाही. ज्या टिवोच्या डब्याला टॉरवाल्ड्स 'त्यांचा डबा, त्यांची मर्जी' म्हणत होते, तो प्रकार आज बहुतेकांच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनमध्ये कर्नेल जीपीएल २ चा, सोर्स कोड मिळतो (कधी वेळेवर, कधी मागून मागून), आणि बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम) कुलूपबंद. कंपनीने दोन-तीन वर्षांनी अपडेट थांबवले की कोड असूनही धडधाकट फोन अडगळीत. औषध मात्र लागू पडलं नाही. कारण जे कुलूप लावतात ते जीपीएल ३ चं पॅकेज घेतच नाहीत, आणि कर्नेलसारखा ज्याच्यावाचून त्यांचं अडतं तो तुकडा जीपीएल ३ वर गेलाच नाही. कर्नेल गेला असता तर उत्पादकांनी कुलूप काढलं असतं की सैल परवान्याच्या बीएसडी प्रणालींचा रस्ता धरला असता? ॲपलचं वागणं पाहता मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. इथे माझ्याशी असहमत असणारे पुष्कळ भेटतील.

या गोष्टीचा एक उपसंहार फारसा सांगितला जात नाही. जीपीएल २ च्या चौथ्या कलमानुसार अट मोडली की परवाना आपोआप रद्द, आणि चूक सुधारली तरी तो परत कसा मिळणार याबद्दल अवाक्षर नाही. जीपीएल ३ ने यात दिलासा दिला: उल्लंघन थांबवलं आणि त्यानंतर ६० दिवसांत हक्कधारकाने नोटीस दिली नाही, तर परवाना कायमचा परत. पहिलीच चूक असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तरीही परत. पुढे जर्मनीत कर्नेलच्या एका माजी विकासकाने जीपीएल २ च्या कडकपणाचा आधार घेत कंपन्यांमागे पैशांसाठी दाव्यांचा सपाटा लावला, तेव्हा कर्नेलच्या समुदायाला हा फरक जाणवला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कर्नेलच्या विकासकांनी अंमलबजावणीविषयी जे निवेदन काढलं, त्यात त्यांनी आपल्या हक्कांपुरता नेमका जीपीएल ३ चा हाच भाग उचलून स्वीकारला. ते जाहीर करणाऱ्यांत पुढे होते ग्रेग क्रोआ-हार्टमन, म्हणजे २००६ च्या दहा सह्यांपैकी एक. पुढच्या महिन्यात रेड हॅट, गूगल, आयबीएम आणि फेसबुक यांनीही तसंच वचन दिलं. मी याला माघार म्हणणार नाही. पण ज्या दस्तऐवजाला सरसकट नाकारलं त्यातला सर्वात शहाणपणाचा भाग मागच्या दाराने घरात आला, एवढं खरं.

आणि 'पुढची कोणतीही' हे शब्द किती कामाचे ठरू शकतात याचं उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचंच आहे. विकिपीडियाचा मजकूर सुरुवातीला एफएसएफच्याच जीएफडीएल परवान्याखाली होता, आणि तो 'पुढच्या आवृत्त्यां'सह. नोव्हेंबर २००८ मध्ये एफएसएफने जीएफडीएल १.३ काढून विकींना क्रिएटिव्ह कॉमन्सकडे जायची वाट मोकळी करून दिली. २००९ मध्ये मतदान झालं, साधारण ७५ टक्के मतं बाजूने पडली, आणि मराठी विकिपीडियासकट सगळे विकिपीडिया नव्या परवान्यावर गेले. ते शब्द नसते तर लाखो अनामिक लेखकांना गाठावं लागलं असतं. तेच शब्द, तीच संस्था. इथे कुणाची फारशी कुरकुर झाली नाही, कारण बदल बहुतेकांना हवाच होता.

आता तुमची लायब्ररी. माझा सल्ला: शब्द काढू नका. काढलेत तर जीपीएल ३ च्या कोडशी आणि अपाची २.० या दुसऱ्या मुक्त परवान्याच्या लायब्रऱ्यांशी तुमचं जमणार नाही, अपाची २.० हा एफएसएफच्या मते जीपीएल २ शी विसंगत आणि जीपीएल ३ शी सुसंगत आहे. आज उपयोगी लायब्रऱ्यांत अपाचीचं प्रमाण एवढं आहे की हा तोटा पहिल्याच वर्षात जाणवेल. एलएलव्हीएमने अपाचीकडे जाताना जीपीएल २ साठी खास सवलत लिहिली, पण तशी प्रत्येकजण लिहीत नाही. ठेवण्याचा तोटा एक: कुणी तुमचा कोड घेऊन त्यावर जीपीएल ३ ची पुढची शाखा काढली, तर तिथल्या सुधारणा तुम्हाला जीपीएल २ खाली परत घेता येणार नाहीत. छोट्या लायब्ररीला हे परवडतं.

भविष्यातल्या आवृत्तीची धास्ती वाटत असेल तर मधला मार्ग आहे आणि तो जीपीएल ३ च्याच चौदाव्या कलमात लिहिलेला आहे. पुढची आवृत्ती मान्य करायची की नाही हे ठरवणारा प्रतिनिधी तुम्ही नेमू शकता. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाने साधारण असंच केलं आहे: जीपीएल २ किंवा ३, आणि त्यापुढची आवृत्ती केडीई ई.व्ही. या त्यांच्या संस्थेच्या सभासदांनी मान्य केली तरच. तुमच्याकडे संस्था नसेल तर प्रकल्पाचा सध्याचा मेंटेनर असं लिहिता येतं, फक्त मेंटेनर बदलल्यावर काय हेही त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा.

शेवटी कामाचं. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सचा शिक्का (परवान्याचं ठरावीक लघुनाम) घाला, आणि त्यात 'ओन्ली' की 'ऑर लेटर' हे स्पष्ट असू द्या. नुसतं 'जीपीएल' लिहिलेल्या फाइल्सनी मला जितका त्रास दिला आहे तितका कुठल्याही वादग्रस्त कलमाने दिलेला नाही. आणि परवान्यात काहीही बदल करायचा असेल तर गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातून सगळ्या योगदानकर्त्यांचे ईमेल काढून त्यांची लेखी संमती घ्या, तीही रिपॉझिटरीतच ठेवा. नोकरी करताना कुणी कोड लिहिला असेल तर त्याच्या कंपनीचा होकारही लागेल. पाच-सहा जण आहात तोवर हे काम आठवड्याभरात उरकतं.